थोरला की धाकटा? कॅलिफोर्नियाचे दोन ठिपक्यांचे ऑक्टोपस

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डिसेंबरात दुपारच्या ओहोटीला तुम्ही मुलाला घेऊन लगुना बीचच्या कातळावर गेलात. एका कपारीत मुठीएवढा ऑक्टोपस दिसला, डोळ्याखाली काळा ठिपका आणि ठिपक्यात निळं कडं. फोटो पाहून एका जाणकाराने ‘ऑक्टोपस बायमॅक्युलॉइडीस’ सांगितलं, दुसऱ्याने तितक्याच ठामपणे ‘ऑक्टोपस बायमॅक्युलॅटस’. मुलाला शाळेच्या पोस्टरवर नाव लिहायचंय आणि त्याला एकच नाव हवंय. जाता जाता आणखी दोन गोष्टी विचारल्यात: मुलाने त्याला बोट लावलं होतं, तर तो विषारी निळ्या कड्यांचा ऑक्टोपस नव्हता ना, आणि असा एखादा घरी टाकीत पाळता येईल का.

बोटाचं आधी सांगते, कारण तुमची खरी काळजी तिथेच दिसतेय. नाही, तो नव्हता. विषारी म्हणून ज्याची ख्याती आहे तो निळ्या कड्यांचा ऑक्टोपस जपान ते ऑस्ट्रेलिया या पट्ट्यात आणि हिंदी महासागरात आढळतो, कॅलिफोर्नियात नाही. त्याच्या अंगावर आणि हातांवर छोटी छोटी पुष्कळ निळी कडी असतात. तुमच्या फोटोतल्याला एका बाजूला एकच आहे, डोळ्याच्या खाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या हाताच्या मुळाशी. दुसऱ्या बाजूला तसंच आणखी एक असणार. दोन ठिपके, म्हणून ‘बायमॅक्युला’. तरीही हात लावण्याची सवय नको. प्रत्येक ऑक्टोपसला पोपटासारखी चोच असते आणि भक्ष्याला गारद करणारी लाळ असते. मला कामाच्या ठिकाणी दोनदा चावलेत. गांधीलमाशीपेक्षा कमी दुखलं, पण जखम आठवडाभर चुरचुरत राहिली.

मी मूळची देवगडची. गेली अठरा वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका मत्स्यालयाच्या मागच्या बाजूला, म्हणजे पंप, गाळण्या आणि बादल्यांच्या राज्यात काम करते. त्यातली अकरा वर्षं ऑक्टोपसांच्या टाक्या माझ्याकडे आहेत. लहानपणी आमच्याकडे म्हाकलांबरोबर जाळ्यात एखादा ऑक्टोपस आला तर त्याची जात कोणती हे कोणी विचारत नसे. इथे येऊन याच दोन जातींनी मला विचारायला लावलं, आणि तेही चांगलं तोंडघशी पाडून. ते पुढे येईलच.

ही लांबलचक लॅटिन नावं दर वाक्यात लिहिण्यापेक्षा आपण त्यांना थोरला आणि धाकटा म्हणू. थोरला म्हणजे बायमॅक्युलॅटस. येल विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ ॲडिसन व्हेरिल यांनी १८८३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून इंग्रजीत त्याला अजूनही व्हेरिलचा ऑक्टोपस म्हणतात. धाकटा म्हणजे बायमॅक्युलॉइडीस. त्याचं नामकरण थेट १९४९ मध्ये झालं. नावाचा अर्थच ‘बायमॅक्युलॅटससारखा दिसणारा’. बारशालाच थोरल्याशी तुलना! अंगापिंडानेही थोरला मोठा होतो, त्यामुळे ही टोपणनावं दोन्ही अर्थांनी बसतात.

आता मधली सहासष्ट वर्षं बघा. तेवढा सगळा काळ दोघे एकाच नावाखाली वावरत होते. विद्वानांना दिसत होतं की एकाच ‘जाती’च्या माद्या कधी मोठी अंडी घालतात, कधी बारीक. हा गुंता ग्रेस पिकफर्ड आणि बेयर्ड मॅककॉनॉही यांनी सोडवला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘प्रॉब्लेम’ हा शब्द आहे, यावरून काय ते समजा. मॅककॉनॉही यांचा विषय ऑक्टोपसांच्या मूत्रपिंडात राहणारे डायसायमिड नावाचे सूक्ष्म परजीवी. हे पाहुणे यजमान निवडताना फार चोखंदळ असतात, आणि त्यांचा अभ्यासही या उलगड्यात कामी आला. माणसांना जो फरक डोळ्यांनी दिसत नव्हता तो मूत्रपिंडातल्या भाडेकरूंना आधीच ठाऊक होता.

याचा एक व्यावहारिक परिणाम लक्षात ठेवा, विशेषतः मुलगा पुढे याच वाटेला गेला तर. १९४९ पूर्वीच्या कुठल्याही लिखाणात ‘बायमॅक्युलॅटस’ असं छापलेलं असेल तर तो थोरला असेलच असं नाही. धाकटाही असू शकतो. जुने संदर्भ वाचताना मी नाव बाजूला ठेवते आणि अंड्यांचं माप शोधते.

तर तुमचा प्रश्न ‘फोटोतला कोणता’ असा असला, तरी त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: हे दोघे वेगळे आहेत ते नक्की कशात? कावळा आणि डोमकावळा यांच्यात निदान मानेचा राखाडी रंग आणि आवाज असतो. इथे प्रौढ प्राणी शेजारी ठेवले तरी अनुभवी माणूस अडखळतो. ऑक्टोपसचं शरीर मुळात मोजण्याच्या लायकीचं नाही. हाड नाही, हात ताणले तर दुप्पट, आखडले तर निम्मे. रंग मनात येईल तसा. थोरल्याचे हात धडाच्या मानाने जास्त लांब असतात हे खरं आहे, पण ते मेलेल्या, नीट पसरून ठेवलेल्या नमुन्यावर मोजायचं. कपारीत बसलेल्याचं धड किती आणि हात किती हे सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

खरा फरक पुढच्या पिढीत आहे. धाकट्याची मादी थोडी अंडी घालते, काहीशेच्या घरात, पण एकेक अंडं सेंटिमीटरभर किंवा त्याहून लांब. शेंगदाणा डोळ्यांसमोर आणा, एका टोकाला देठ असलेला. थोरल्याची मादी २०,००० च्या आसपास अंडी घालते आणि एकेक अंडं जेमतेम दोन ते चार मिलिमीटर. तांदळाची कणी. मोठ्या अंड्यात बलक भरपूर, म्हणून पिल्लू आतच पूर्ण घडतं आणि बाहेर येतं तेच छोटा ऑक्टोपस होऊन. पहिल्याच दिवशी तळावर चालतं, काचेला चिकटतं, डिवचलं तर चिमूटभर शाईही सोडतं. बारीक अंड्यातलं पिल्लू मात्र आखूड हातांचं, पारदर्शक, पाण्यात तरंगणारं निघतं. ते प्रवाहाबरोबर आठवडे, कधी दोन-तीन महिने वाहत जातं आणि मग कुठेतरी तळाला लागतं. वीस हजारांतली किती तिथवर पोचतात ते तुम्हीच अंदाज करा.

आता माझी फजिती. आठेक वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून आमच्याकडे एक मादी आली. डब्यावर धाकट्याचं नाव. मी ठिपका पाहिला, नोंदवहीत तेच नाव उतरवलं आणि टाकीच्या पाटीवरही तेच छापून घेतलं. चार-पाच महिन्यांनी तिने खाणं कमी केलं आणि घराचं तोंड दगड-शिंपल्यांनी बंद करून घेतलं. अंडी येणार म्हणून मी खूश. धाकट्याची पिल्लं आम्ही आधी वाढवली होती. त्यांना लागणाऱ्या बारीक कोळंबीची आगाऊ मागणी नोंदवली, प्रत्येकाला वेगळं घर मिळावं म्हणून नळीचे तुकडे कापून ठेवले, कारण एकत्र गर्दीत ठेवली की ती एकमेकांना खातात.

एका सकाळी विजेरी घेऊन आत डोकावले. छताला द्राक्षांच्या घडासारखी मोजकी अंडी दिसतील अशा अपेक्षेत मी होते. दिसल्या त्या पांढऱ्या माळा. मोगऱ्याच्या गजऱ्यासारख्या, बारीक बारीक दाण्यांच्या, देठ एकमेकांत विणलेले, डझनांनी लोंबणाऱ्या. ती त्यांच्यातून हाताची टोकं फिरवत होती, मधूनच नळीतून पाण्याचा फवारा मारत होती, आणि सगळ्या माळा एकदम हलत होत्या. मी तिथेच बादली उलटी करून बसले. पाटीवरचं नाव चुकलं होतं. हा थोरला होता; थोरली म्हणा.

अंडी फुटली तेव्हा दिव्याखालच्या कोपऱ्यात धुळीचे कण नाचावेत तशी पिल्लं झटके देत पोहत होती. आम्ही ताजी फुटलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली कोळंबीसारखी बारीक जीवं, दिली, पाण्याचा वेग कमी केला, प्रकाश बदलून पाहिला. दहा दिवसांत एकही उरलं नाही. आईदेखील त्याच आठवड्यात गेली, पण ती जाणारच होती. दोन्ही जातींच्या माद्या अंडी राखताना जवळजवळ उपाशी राहतात आणि पिल्लं फुटली की मरतात. नोंदवहीतलं नाव मी लाल शाईने खोडलं. ते पान अजून तसंच आहे, नवीन मुलं कामाला आली की मी त्यांना तेच आधी दाखवते.

हे सगळं सांगायचं कारण, अंड्यांच्या आकारातून बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप निघतात. पिल्लं वाहत जात असतील तर जात दूरवर पसरते. थोरला सांता बार्बराच्या आसपासपासून खाली मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया या द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालून कॅलिफोर्नियाच्या आखातात आतपर्यंत आहे. आखातातल्या बाइया दे लोस आन्हेलेस या उपसागरात तर त्याची रीतसर मासेमारी चालते. धाकट्याचं राज्य लहान: उत्तरेला सॅन सिमियोन, दक्षिणेला बाहातलं सॅन किंतीन, बस. जिथे फुटला तिथून चालत चालत जाणार तो कितीसा जाईल?

तुमचं लगुना दोघांच्याही हद्दीत येतं, म्हणून नकाशावरून निकाल लागत नाही. पण किनाऱ्यावर नक्की कुठे दिसला याला वजन आहे. धाकटा ओहोटीत उघड्या पडणाऱ्या कातळात, खाडीतल्या चिखलात, रिकाम्या शिंपल्यात, कधी टाकून दिलेल्या बाटलीत सापडतो, आणि साधारण वीस मीटर खोलीपर्यंत. थोरला पन्नास मीटरपर्यंत उतरतो आणि त्याचा जीव रमतो तो पाण्याखालच्या खडकाळ भागात. थोरल्याच्या घरांचा आणि आहाराचा गाजलेला अभ्यास रिचर्ड ॲम्ब्रोज यांनी १९८० च्या दशकात सांता कातालीना बेटावर केला, तोही पाण्यात बुडी मारूनच. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते: या ऑक्टोपसला निवडायला दिलं तर तो खेकडा उचलतो, पण घरासमोरच्या उकिरड्यात ढीग सापडतो तो गोगलगायींचा. आवड एक आणि रोजच्या ताटात येणार दुसरंच, हे काही फक्त आपल्याच घरात घडत नाही.

तरीही ‘ओहोटीत दिसला म्हणजे धाकटा’ असा नियम करू नका. थोरलाही भरतीरेषेच्या आत येतो, विशेषतः लहान वयात. तेव्हा जागेवरून मिळतो तो फक्त कल.

प्रयोगशाळांच्या बाबतीतही हेच अंड्यांचं गणित. धाकट्याची पिल्लं बंदिस्त पाण्यात वाढवता येतात म्हणून सगळं नाव त्याचंच झालं. २०१५ मध्ये ऑक्टोपसचा पहिला जनुकसंच ‘नेचर’मध्ये आला तो धाकट्याचा: डीएनएची सुमारे २.७ अब्ज अक्षरं, ३३,००० हून जास्त प्रथिनांची जनुकं. त्यात मेंदूतल्या जोडण्यांशी संबंधित प्रोटोकॅडहेरिन गटाची १६८, जी इतर अपृष्ठवंशीयांच्या मानाने चक्रावून टाकणारी संख्या आहे. त्याच वर्षी सांता बार्बराच्या विद्यापीठात दिसलं की धाकट्याच्या कातडीचा तुकडा, डोळे आणि मेंदू यांच्याशी संबंध नसतानाही, प्रकाश पडला की रंगपेशी पसरवतो. २०१८ मध्ये एमडीएमए हे नशेचं द्रव्य (एक्स्टसी) दिल्यावर हे एकलकोंडे प्राणी दुसऱ्या ऑक्टोपसजवळ जास्त वेळ घालवतात असं नोंदवलं गेलं, तेही धाकट्यावर. मादी अंड्यांनंतर का मरते याचा शोध शिकागोत चालला, डोळ्यांमागच्या ऑप्टिक ग्रंथीतल्या घडामोडींचा, तोही धाकट्यावर. बातम्यांत मात्र छापून येतं ‘ऑक्टोपसला असं होतं’. थोरल्याला होतं का? बहुतेक होत असेल, इतके जवळचे नातेवाईक आहेत. पण ‘असेल’ आणि ‘पाहिलं’ यांत फरक असतो, आणि मुलाच्या पोस्टरवर यातलं काही येणार असेल तर कोणत्या जातीवर पाहिलं तेही एका ओळीत येऊ द्या.

आतापर्यंतचं एका दमात: दिसायला जवळजवळ सारखे, अंडी पूर्ण वेगळी, त्यामुळे पसारा, वाढवण्याची शक्यता आणि संशोधनातलं स्थान वेगळं, जागेवरून कल मिळतो, निकाल नाही. उरलं ते तुमच्या फोटोतलं कडं.

बाहेरून पाहून जात ओळखायची तर सगळी भिस्त याच कड्यावर. धाकट्याचं निळं कडं सलग असतं, साखळीच्या कड्या एकमेकींत अडकवून गोल केल्यासारखं. थोरल्याचं तुटक दिसतं आणि त्यातून बारीक रेघा बाहेर निघतात, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. ठळक दिसलं तर हा फरक उपयोगी आहे. पण ठळक दिसणं प्राण्याच्या मर्जीवर. भोवतीचा काळा डाग रंगपेशींचा, तो त्याला गडद करता येतो, पुसटही करता येतो. निळा रंग प्रकाश परतवणाऱ्या पेशींचा, म्हणून तुम्ही कोणत्या कोनातून पाहता त्यावर तो चमकतो किंवा विझतो. एकाच ऑक्टोपसचे दहा मिनिटांच्या अंतराने काढलेले दोन फोटो माझ्याकडे आहेत. एकात कडं टिकलीसारखं झगझगीत, दुसऱ्यात जवळजवळ नाहीच. ते दोन फोटो वेगवेगळ्या दिवशी दाखवले तर मीसुद्धा वेगवेगळी नावं सांगीन. आणि प्राणी लहान असेल तर फसगत आणखी सोपी.

तुमच्या फोटोत कड्याच्या वरच्या अर्ध्यावर पाण्याची चकाकी आली आहे. खालचा अर्धा भाग मला सलग दिसतो, आरे दिसत नाहीत. त्यात जागा भरतीरेषेच्या आतली आणि आकार मुठीएवढा. पैज लावायचीच तर धाकट्यावर लावीन, पण देवगडची कलमं गहाण ठेवून नाही. ज्या जाणकाराने थोरला सांगितला तोही वेडा नाही. त्याने बहुधा वरची चकाकीच तुटलेल्या कड्यासारखी वाचली.

खात्रीच करायची तर दोन मार्ग. एक, मादी असेल आणि अंड्यांवर बसली असेल तर अंडी पाहायची, पण त्यासाठी तिला हुसकायचं नाही, लांबून जमलं तरच. दुसरा, डीएनए. त्यासाठी आता प्राण्याचा तुकडा कापावा लागत नाही. अलास्कात महाकाय पॅसिफिक ऑक्टोपसांच्या कातडीवरून हलका स्वॅब फिरवून नमुने घेतले गेले आणि एकाच नावाखाली तिथेही दोन जाती नांदत असल्याचं २०१७ मध्ये मांडलं गेलं. म्हणजे आपल्या या दोघांची गोष्ट जगावेगळी नाही. पण स्वॅबचं काम परवाना असलेल्या लोकांचं, तुमचं-मुलाचं नव्हे.

आता पाळण्याचं. माझं स्पष्ट मत, नको. का ते सांगते, मग तुमचं तुम्ही ठरवा.

पहिलं म्हणजे किनाऱ्यावरून उचलून आणणं. लगुनाचा बराचसा किनारा राज्याच्या संरक्षित सागरी क्षेत्रात येतो, तिथून रिकामा शिंपलाही उचलायचा नसतो. बाहेरच्या भागातही सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला मासेमारीचा परवाना लागतो आणि कुठे काय धरायचं याचे नियम वेगळे. राज्याच्या मत्स्य विभागाचे चालू नियम वाचल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. दुकानातून आणला तरी तो बहुतेकदा समुद्रातूनच धरलेला असतो, आणि पाटीवर कोणाचंही नाव लावलेलं असू शकतं. माझी लाल शाई आठवा.

दुसरं, आयुष्य. ही मंडळी वर्ष-दीड वर्ष, फार तर दोन वर्षं जगतात. मुठीएवढा मिळाला म्हणजे त्यातला बराच काळ सरलेला. मुलाला लळा लागायच्या सुमारास तो म्हातारा होतो, डोळे निस्तेज होतात, हातांची टोकं झिजतात. काही मुलं ते समजून घेतात, पण आपल्या मुलाचा अंदाज तुम्हालाच असणार.

तिसरं, पाणी. माशापेक्षा हा प्राणी खातो जास्त आणि घाण करतो जास्त, त्यामुळे अमोनिया भराभर चढतो. गाळणी दणकट हवी, पाणी थंडसर हवं, म्हणजे उन्हाळ्यात चिलर, पाणी गार करणारं यंत्र, तेही आलं. झाकण असं हवं की त्याला उचलता येणार नाही, आणि त्याच्या चोचीएवढी फट उरली तरी सगळा प्राणी तिथून निघून जातो. एका टाकीत एकच ठेवायचा, जोडी म्हणजे मेजवानी.

आणि तांब्या-पितळेशी यांचं वाकडं आहे. सुरुवातीच्या काळात आमच्याकडे कोणीतरी, नाव सांगत नाही पण ती मीच होते, समुद्राच्या पाण्याच्या नळाला घाईत एक पितळी जोड बसवला. दुसऱ्या दिवशी ऑक्टोपस फिक्कट, सुस्त, खेकड्याकडे ढुंकूनही बघेना. पाणी तपासलं तर तांबं. जोड काढला, पाणी बदललं, वाचला. गंमत अशी की याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचंच असतं, म्हणून तर रक्त निळसर. स्वतःचं तांबं चालतं, बाहेरचं अजिबात नाही. घरात आपण बादली, तांब्या, पितळी चाळण काय काय वापरतो ते बघा. टाकीला त्यातलं काही लागता कामा नये.

एवढं करूनही तो थोरला निघाला आणि मादी असली, तर एका सकाळी तुमच्या टाकीत वीस हजार तरंगते जीव असतील आणि त्यांना वाढवायचा उपाय तुमच्याकडे नसेल. माझ्याकडेही नव्हता, आणि माझ्यामागे एक आख्खी संस्था होती.

त्यापेक्षा दर हिवाळ्यात परत जा. इथे दिवसाउजेडी खोल ओहोटी हिवाळ्याच्या दुपारी मिळते, भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून शून्याच्या खालचा आकडा असलेला दिवस निवडा. पाणी सगळ्यात खाली जायच्या तासभर आधी पोचा आणि पाण्याबरोबर खाली उतरत जा. दगड उलटवू नका. कपारीसमोर ताजी कवचं, खेकड्याचे रिकामे पाय, एखाद्या शिंपल्यावर सुईने पाडल्यासारखं बारीक भोक दिसलं की थांबा. ते भोक तोच पाडतो, आणि घरमालक बहुतेक आतच असतो. मुलाला पाच मिनिटं पुतळा व्हायला सांगा. आधी एक डोळा दिसेल, मग सगळा.

फोटो काढताना पाण्याच्या पृष्ठभागावर तुमची सावली पडू द्या, म्हणजे चकाकी जाईल. फ्लॅश बंद. बाजूने, ठिपका मधोमध ठेवून, एक नाही तर दहा-पंधरा फोटो, कारण कडं कुठल्या क्षणी चमकेल सांगता येत नाही. शेजारी एखादी ओळखीची वस्तू असेल तर आकारही कळतो, पण ती मुद्दाम आत टाकू नका, ओढून नेईल. माझ्या सहकाऱ्याची प्लास्टिकची पट्टी अशीच गेली.

मुलाने विचारलंय की हे ठिपके, म्हणजे खोटे डोळे, कशाला. रूढ समज असा की हल्लेखोराला मोठ्या प्राण्याचे डोळे रोखलेले वाटावेत आणि त्याने क्षणभर बिचकावं. माझ्या टाकीत मी हे रोज पाहते: अनोळखी हात आत आला की अंग फिक्कं पडतं आणि दोन ठिपके तेवढे काळेभोर होतात. माझा हात आला तर होत नाहीत. त्यावरून तो मला ओळखतो असं म्हणायचा मोह होतो, पण खेकडा माझ्याच हातून मिळतो हेही आहे.

पोस्टरवर असं लिहायला सांगा: ‘दोन ठिपक्यांचा ऑक्टोपस, बहुधा ऑक्टोपस बायमॅक्युलॉइडीस. लगुना बीच, डिसेंबर, ओहोटीच्या कातळात.’ बाईंनी ‘बहुधा’ला आक्षेप घेतला तर खाली दोन चित्रं काढू दे, एक शेंगदाण्याएवढ्या अंड्याचं आणि एक तांदळाच्या कणीएवढ्या. खरे शेंगदाणे आणि कणी चिकटवली तर आणखी छान. फक्त फेव्हिकॉल वाळेपर्यंत पोस्टर स्वयंपाकघरात ठेवू नका, आमच्याकडे मुंग्या लागल्या होत्या.